ठराव आणि पाणवठा



१९२७ सालच्या फेब्रुवारी महिन्यात मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलात एका नव्या सभासदाने आसन ग्रहण केले. सभासद सरकारनियुक्त होता. म्हणजे त्या काळच्या रूढ समजुतीप्रमाणे ज्या सरकारने नेमले त्याच्या बाजूने हात वर करावा, अडचणीच्या प्रसंगी मौन पाळावे आणि मुदत संपत आली की पुन्हा नेमणुकीची वाट पाहावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. परंतु २४ फेब्रुवारी रोजी अंदाजपत्रकावरील चर्चेत डॉ. भीमराव रामजी आंबेडकर बोलावयास उभे राहिले, तेव्हा त्यांनी हात घातला तो थेट सरकारच्या उत्पन्नाच्या मुळालाच. ज्या राज्यात ठराविक मर्यादेखालील उत्पन्नावर प्राप्तिकर माफ असतो, त्याच राज्यात एक एकर जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यालाही शेकडो एकरांच्या मालकाच्याच दराने सारा भरावा लागतो, पीक हाती येवो अथवा बुडो, भरावाच लागतो, हा न्याय कोणता, असा त्यांचा सवाल होता. नियुक्त सभासदाच्या तोंडून हा सवाल ऐकण्याची त्या सभागृहाला सवय नव्हती.

बाबासाहेबांच्या स्मृतीस वाहिलेल्या या व्याख्यानमालेत आजवर त्यांच्या घटनाकार्याविषयी, धर्मांतराविषयी आणि अर्थशास्त्रीय ग्रंथांविषयी अधिकारी वक्त्यांनी विवेचन केले आहे. मी आज बोलणार आहे ते १९२७ ते १९३९ या काळातील, सत्तेबाहेर राहून कायदेमंडळात बोलणाऱ्या आंबेडकरांविषयी. आणि तेही विशेषतः त्यांच्या दोन विषयांविषयी, पाणी आणि जमीन. निसर्गाने जे सर्वांसाठी निर्माण केले त्यावर समाजाने आणि सरकारने जी कुंपणे घातली, त्या कुंपणांची चिकित्सा त्यांनी सभागृहात ज्या चिकाटीने केली तिला आपल्या सार्वजनिक स्मरणात अद्याप उचित स्थान मिळालेले नाही, असे माझे मत आहे. या काळात महार वतन आणि खोती या दोन मोठ्या प्रश्नांवर त्यांनी स्वतः विधेयके आणली आणि त्यांतले एकही संमत झाले नाही. तरीसुद्धा त्या दोन्ही प्रथा आज कायद्याने नष्ट झालेल्या आहेत. ही गोष्ट कशी घडली, हेच आजच्या व्याख्यानाचे सूत्र आहे.

पाण्याची कथा बाबासाहेबांच्याही आधी सुरू होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेकौन्सिलात एक ठराव संमत करून घेतला. सार्वजनिक पैशाने बांधलेले आणि राखलेले, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातील सर्व पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गास खुले असावेत, असा त्याचा आशय होता. पुढल्याच महिन्यात सरकारने आपल्या खात्यांना तसे हुकूम पाठवले आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत आपले चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर पाहिले तर प्रश्न सुटला होता. प्रत्यक्षात तीन वर्षे त्या तळ्याच्या पायऱ्यांवर एकही अस्पृश्य माणूस पाणी भरावयास उतरू शकला नाही. ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांना दुसरा ठराव आणावा लागला, की ज्या नगरपालिका व लोकलबोर्डे या धोरणाची अंमलबजावणी करीत नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. त्यानेही तळ्याचे पाणी हलले नाही.

कोकणचा भूगोल ज्यांना ठाऊक आहे त्यांना या नकाराची दाहकता अधिक कळेल. सावित्रीच्या काठच्या त्या मुलखात पावसाळ्याच्या चार महिन्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो आणि तो सारा उतारावरून समुद्राला मिळतो. फाल्गुन उलटला की विहिरींचे तळ दिसू लागतात आणि बारमाही तळे असलेल्या गावात त्या तळ्यावरचा हक्क हाच जगण्याचा हक्क होऊन बसतो. अशा गावी बाजाराला, कचेरीला, दरबारी कामाला आलेल्या माणसाने उन्हात तहानलेले परतावे आणि त्याच पाण्यावर गुरांना मात्र मज्जाव नसावा, ही स्थिती होती. २० मार्च १९२७ रोजी, कायदेकौन्सिलात प्रवेश करून जेमतेम महिना झाला असता, बाबासाहेब हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. आपण या घटनेकडे सत्याग्रह म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे; परंतु कायदेमंडळाच्या दृष्टीने पाहिले तर ती एका संमत ठरावाची अंमलबजावणी होती, आणि सरकारने व नगरपालिकेने जी करावयास हवी होती ती ज्यांच्यासाठी ठराव झाला त्यांनाच आपल्या देहावर मार झेलून करावी लागली.

पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे, कारण सत्याग्रहाची कथा बहुधा त्या एका दिवसापाशी थांबवली जाते. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले यांच्या पहिल्या ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना, महाडच्या नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. डिसेंबरात सवर्णांच्या वतीने दिवाणी दावा दाखल झाला, तळे खाजगी असल्याचा दावा झाला आणि १४ डिसेंबरला न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम निघाला. त्या महिन्याच्या अखेरीस भरलेल्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्यावर जाणे मात्र कायद्याचा मान राखून स्थगित ठेवण्यात आले. दावा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढत राहिला आणि अस्पृश्यांना मज्जाव करणारी पुरातन रूढी वादींनी सिद्ध केलेली नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. ओंजळभर पाण्याच्या हक्कासाठी दहा वर्षे! बॅरिस्टर असलेल्या, कायद्यावर निष्ठा असलेल्या माणसाने ही दहा वर्षे ज्या संयमाने काढली त्याचा विचार करताना मला नेहमी वाटते की, सभागृहातील ठराव आणि गावचा पाणवठा यांच्यामधले अंतर किती असते याचे इतके कठोर शिक्षण दुसऱ्या कोणत्याही भारतीय लोकप्रतिनिधीला मिळालेले नाही. त्यांच्या पुढच्या साऱ्या विधिविषयक कामावर या शिक्षणाचा ठसा आहे. सद्भावनेच्या ठरावांवर त्यांनी कधी भिस्त ठेवली नाही. कर्तव्य कोणाचे, न केल्यास दंड काय, मोबदला कोणी द्यायचा आणि दाद कोठे मागायची, हे ज्यात स्पष्ट लिहिले आहे असा मसुदा त्यांना हवा असे.

असा पहिला मसुदा त्यांनी १९ मार्च १९२८ रोजी सभागृहापुढे ठेवला. तो १८७४ च्या वंशपरंपरागत अधिकारविषयक कायद्यात दुरुस्ती करणारा होता आणि त्याचा विषय होता महार वतन. वतन हा शब्द कानाला भारदस्त लागतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की, गावच्या महाराने सरकारच्या कोणत्याही खात्याच्या कोणत्याही कामासाठी, दिवस असो वा रात्र, हजर राहिले पाहिजे. तो आजारी असेल वा परगावी गेला असेल तर त्याच्या बापाने, भावाने, घरातल्या कोणीही त्याच्या जागी उभे राहिले पाहिजे. या बारमाही चाकरीचा मोबदला म्हणजे पिढ्यापिढ्यांच्या वाटण्यांनी तुकडे तुकडे झालेली इनाम जमीन, रयतेकडून दारोदार फिरून गोळा करावयाचे बलुते आणि क्वचित कोठे सरकारी तिजोरीतून मिळणारी अगदी क्षुल्लक रक्कम. बाबासाहेबांचा आक्षेप नेमका येथे होता. चाकरी सरकारची आणि पगार गावकऱ्यांच्या मर्जीवर, अशी ही व्यवस्था असल्यामुळे महारांनी मेलेली जनावरे ओढण्याचे नाकारले किंवा स्वाभिमानाचे एखादे पाऊल टाकले, की गाव बलुते बंद करी. आणि सरकार मात्र आपली चाकरी पूर्वीइतकीच काटेकोर वसूल करीत राही. अन्न आणि अब्रू यांपैकी एकच निवडण्याची ही सक्ती कायद्याच्याच आधाराने चालली होती.

त्यांनी सुचवलेली तोड सरळ होती. ज्याला वतनाच्या चाकरीतून मोकळे व्हायचे असेल त्याला होता यावे, जमीन पूर्ण आकार भरून त्याच्याकडे राहावी, बलुत्याचे रूपांतर रोख देण्यात व्हावे आणि चाकरीच्या कामांची मर्यादा लेखी ठरावी. सरकारपक्षाने खर्चाचा मुद्दा पुढे केला, विधेयक समितीकडे गेले, तेथून ते अशा स्वरूपात परत आले की, त्याचा मूळ हेतूच उरला नाही, आणि १९२९ च्या जुलैत बाबासाहेबांनी ते मागे घेतले. येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. त्यांना केवळ सरकारशी झुंजावे लागले असे नाही. वतनाची ती तुटपुंजी जमीन ही आपल्या वाडवडिलांची एकमेव मिरास आहे, ती गेली तर पायाखाली मातीही उरणार नाही, ही धास्ती त्यांच्या स्वजनांतही होती; तेव्हा ‘बहिष्कृत भारत’ पत्रातून लेख लिहून आणि परिषदा भरवून वतनाचा खरा हिशेब त्यांना आपल्याच माणसांपुढे मांडावा लागला. ज्या वर्गाच्या वतीने बोलायचे त्याच्या भयाशीही वाद घालण्याचे हे धैर्य मला सभागृहातील वक्तृत्वाहून दुर्मिळ वाटते.

वतनाच्या विधेयकापूर्वी काही महिने, १९२७ च्या ऑक्टोबरात, सरकारने लहान धारणेच्या शेतकऱ्यांसाठी आणलेल्या विधेयकाला त्यांनी जो विरोध केला त्याचा थोडक्यात उल्लेख करतो. जमिनीचे तुकडे होऊ नयेत म्हणून धारणेचे किमान क्षेत्र ठरवून द्यावे, हा सरकारचा विचार वरकरणी शहाणपणाचा होता. परंतु या विषयावर १९१८ सालीच प्रबंध लिहिलेल्या या सभासदाने दाखवून दिले की, शेताचा आकार लाभदायक की तोट्याचा हे एकरांवर ठरत नाही, त्यावर लागणाऱ्या भांडवलावर आणि श्रमावर ठरते. आणि तुकडे एकत्र करण्याच्या नावाखाली लहान शेतकरी भूमिहीनांच्या पंक्तीत जाऊन बसेल. मालकी कायम ठेवून सहकारी पद्धतीने एकत्र कसणे हा मार्ग त्यांनी सुचवला. विरोध करताना पर्याय समोर ठेवण्याची ही रीत त्यांनी कधी सोडली नाही. त्या विधेयकाचा नाद सरकारला अखेर सोडावा लागला.

आता खोतीकडे वळतो, कारण विरोधी सभासद म्हणून त्यांचे सर्वांत मोठे काम मला तेथे दिसते. परिस्थिती तोवर बदलली होती. १९३५ च्या कायद्यान्वये निवडणुका झाल्या, बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष मुंबईच्या विधानसभेत डझनाहून अधिक सभासद घेऊन आला, आणि १९३७ च्या जुलैत बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले. समोर आता परके सरकार नव्हते. स्वातंत्र्याच्या लढ्यात तावून निघालेली, लोकप्रिय, आपलीच माणसे होती. अशा सरकारला विरोध करणे परकीय सरकारला विरोध करण्यापेक्षा कितीतरी अवघड असते, कारण टीका करणाऱ्याच्या देशभक्तीविषयीच शंका घेतली जाते.

रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांत आणि ठाण्याच्या काही भागात सरकार आणि कुळ यांच्यामध्ये खोत उभा असे. सरकारला ठरलेला सारा भरण्याची जबाबदारी त्याची. आणि कुळाकडून तो जे वसूल करी, अर्धेलीने, तिर्धेलीने, वर सणावाराच्या भेटी आणि वेठ, त्यातला आणि साऱ्यातला फरक त्याचा. डोंगरउतारावरची वरकस जमीन फोडून, दगड वेचून, बांध घालून ती लागवडीला आणणारा शेतकरी पिढ्यानपिढ्या राबूनही त्या जमिनीचा कोणीच नसे. या कुळांत कुणबी होते, आगरी होते, मराठे होते, महार होते. म्हणूनच अलिबागेजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप सहा वर्षांवर चालू शकला. आपले शेत पडीक पाहणे शेतकऱ्याला किती जड जाते हे ज्याला कळते त्याला त्या संपातील निर्धाराची कल्पना येईल. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या बाबासाहेबांना ही पद्धत पुस्तकातून शिकावी लागली नव्हती.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी पुण्याच्या अधिवेशनात त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. सरकार आणि जमीन कसणारा यांचा संबंध सरळ जोडावा, ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याला १८७९ च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणे कब्जेदाराचा दर्जा द्यावा, आणि खोतास त्याच्या गेलेल्या हक्काबद्दल वाजवी मोबदला द्यावा, हे त्याचे सार. यात सूड नव्हता, जप्ती नव्हती. कायद्याच्या चौकटीत जितके सौम्यपणे एखादी जुनी पीडा उपटता येईल तितके सौम्य ते विधेयक होते. आणि तरी सरकारने ते पुढे जाऊ दिले नाही. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशात फैजपूर येथे काँग्रेसने शेतकऱ्यांसंबंधीचा कार्यक्रम मोठ्या उत्साहाने स्वीकारला होता. तो स्वीकारून वर्षही लोटले नव्हते. खेर मंत्रिमंडळाच्या अनेक चांगल्या कामांविषयी मला आदर आहे आणि १९३९ चा कूळकायदा त्याच मंत्रिमंडळाने केला हेही मी विसरत नाही. परंतु विरोधी सभासदाने आणले एवढ्याच कारणाने, किंवा आपल्याच पक्षातील जमीनदारांची मने मोडू नयेत या कारणाने, खोतीचे विधेयक रखडत ठेवणे ही त्या सरकारची फार मोठी चूक होती, असे मला स्पष्ट म्हणावयाचे आहे. कोकणातल्या कुळांची आणखी दहा-बारा वर्षे त्यात गेली.

विधेयक अडले तेव्हा बाबासाहेबांनी महाडचा धडा पुन्हा गिरवला. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर आला. श्यामराव परुळेकर आणि इंदुलाल याज्ञिक यांच्यासारखे कार्यकर्तेही त्यात होते. खोती रद्द करा, या मागणीबरोबर शेतमजुरांच्या किमान मजुरीची मागणी त्या दिवशी मुख्यमंत्र्यांपुढे ठेवली गेली. सभागृहातील भाषण आणि रस्त्यावरील पावले यांचा असा मेळ त्यांनी घातला की, एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही. मोर्चाला मसुद्याचा आधार होता आणि मसुद्यामागे माणसे उभी होती.

त्यांच्या इतर भाषणांचा विस्तार करण्यास येथे अवकाश नाही, पण दोहोंचा उल्लेख टाळवत नाही. १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारच्याच अहवालांतून दाखवले की, प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथीपर्यंत पोचतात. आणि जे सरकार अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक मिळवते ते शिक्षणावर दरडोई अवघे चौदा आणे खर्च करते, निदान दारूतून मिळते तेवढे तरी शिक्षणाला द्या, अशी त्यांची मागणी होती. १९२८ च्या जुलैत प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना गिरणीत राबणाऱ्या बाईला बाळंतपणाआधी व नंतर मिळणारी विश्रांती हा राष्ट्राच्या हिताचा विषय आहे, म्हणून तिचा भार खरे तर सरकारने उचलावा, पण तिच्या श्रमाचा नफा जो घेतो त्या मालकानेही तो सोसला पाहिजे, असे त्यांनी मांडले; ते विधेयक पुढल्या वर्षी कायदा झाले. दोन्ही भाषणांत आवेशापेक्षा आकडे आणि सरकारी दप्तरातील पुरावे अधिक आहेत. इंग्रजीत झालेली ही भाषणे महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या खंडात एकत्र वाचावयास मिळतात, आणि तरुण लोकप्रतिनिधींनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, निवडून येताच प्रथम तो खंड वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एक प्रसंग काळाच्या थोडा पुढचा, पण या विषयाशी जोडलेला. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते आणि सिंचन व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. १९४३ साली दामोदर नदीच्या पुराने बंगालात हाहाकार केला. त्यानंतर दामोदर, महानदी आणि शोण या नद्यांच्या संपूर्ण खोऱ्यांचा एकत्र विचार करण्याच्या योजनांना त्यांच्या खात्यात आकार आला, आणि १९४५ च्या नोव्हेंबरात कटक येथे त्यांनी सांगितले की, पाण्याला आपत्ती न मानता संपत्ती मानले पाहिजे आणि लोकांना सोसावे लागते ते पाण्याच्या अभावापायी अधिक. ज्याला गावच्या तळ्यावर हात बुडवण्यासाठी दहा वर्षे न्यायालयात झगडावे लागले, त्याच माणसाने देशाच्या नद्यांचा हिशेब मांडावा, यात मला त्यांच्या विचाराची एकसंधता दिसते.

आता आरंभी सांगितलेल्या सूत्राकडे येतो. सार्वजनिक स्थळांवरील अस्पृश्यतेला दंडनीय ठरवणारा कायदा मुंबई प्रांतात १९४६ साली झाला. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा. त्यातील मूळ कल्पना, कसणाऱ्याला कब्जेदार करणे आणि खोताला मोबदला देणे, १९३७ च्या त्या अडवलेल्या विधेयकातीलच आहे. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर दोन वर्षांनी आणि त्यांच्या पहिल्या विधेयकानंतर तीस वर्षांनी. आणि भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही अशा स्थळांची जी यादी आहे, तीत राज्याच्या पैशाने राखलेल्या विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नामनिर्देश आहे. बोले यांचा १९२३ चा ठराव त्या शेजारी ठेवून वाचला म्हणजे एका प्रांतिक कौन्सिलातील शिफारस मूलभूत हक्क कशी झाली याचा सारा प्रवास नजरेसमोर उभा राहतो. सरकारे बदलली, मंत्री बदलले, पण एकदा नीट मांडलेला, आकड्यांनी आणि तरतुदींनी बांधलेला तो प्रश्न टाळता येईना. आणि त्यांच्या विरोधकांना अखेर त्यांच्याच मसुद्यांच्या वाटेने जावे लागले.

मात्र १९५८ च्या कायद्याने प्रकरण मिटले असे समजू नये. मोबदला भरून घेऊन मूळ वतनदारांना परत दिलेल्या जमिनी भोगवटादार वर्ग दोनमध्ये मोडतात आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून त्यांचे हस्तांतर होऊ शकत नाही. तरीही शहरांच्या कडेला भाव वाढले तशा या जमिनी कवडीमोलाने, परवानगीवाचून, कधी अडाणी वारसांच्या अंगठ्यांवर हातोहात गेल्या, आणि त्यांच्या फिर्यादी महसुली कचेऱ्यांत आजही पडून आहेत. प्रत्येक जिल्ह्यात अशा किती जमिनी होत्या, आज त्यांतल्या किती मूळ वारसांकडे उरल्या आहेत, आणि शर्तभंगाच्या किती प्रकरणांत जमीन परत मिळाली, हे तालुकावार आकडे विधिमंडळाच्या पटलावर ठेवावेत अशी मागणी करण्याचा अधिकार प्रत्येक सभासदाला आहे. या सभागृहात आज जे आजी-माजी आमदार बसले आहेत त्यांच्यापुढे ही मागणी मी ठेवतो. येत्या अधिवेशनासाठी प्रश्नांच्या सूचना देण्याची मुदत अजून उलटलेली नाही.